द्राक्षावरील बुरशी आणि वाईनचा वास

बपेऱ्यासारख्या धानाच्या मुलखात द्राक्षाच्या रोगांची चर्चा कशासाठी, असे काही वाचक म्हणतील. तुमसर तालुक्याच्या ह्या टोकास बांध्या, पऱ्हे आणि रोवणी हाच शेतीचा क्रम. द्राक्षाचा वेल दिसलाच तर एखाद्याच्या परसातील मांडवावर. तथापि नुसत्या धानावर भागत नाही म्हणून फळबागेकडे वळू पाहणारे जे तरुण कास्तकार आहेत, त्यांच्या बोलण्यात नाशिकचे नाव वारंवार येते. वाईनच्या द्राक्षास आगाऊ करार मिळतो, माल बाजारात घेऊन बसावे लागत नाही, हे ऐकून त्यांचे मन तिकडे ओढ घेते. त्या करारात कोणत्या गोष्टीचे पैसे मिळतात आणि ती गोष्ट बुरशी कशी हिरावून नेते, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

खाण्याचे द्राक्ष डोळ्यांनी विकले जाते. मण्यांचा आकार, रंग, घडाचा डौल ह्यांवर त्याचा भाव ठरतो. वाईनचे द्राक्ष मात्र लहान मण्यांचे, गच्च घडाचे, दिसण्यात सामान्य असते. त्याचे मोल रसातील साखरेत, आंबटपणात आणि विशेषेकरून वासात असते. हा वास मण्याच्या गरापेक्षा सालीत व सालीलगतच्या थरात अधिक साठतो. मस्कत जातीच्या द्राक्षात लिनलूल व जिरॅनिऑल ही द्रव्ये असतात. पहिले आपल्या धन्यांत भरपूर आहे व दुसरे रोशा गवताच्या तेलाचा मुख्य भाग आहे, म्हणजे दोन्ही वास आपल्या ओळखीचेच. सोव्हिन्यों ब्लां ह्या जातीची मौज निराळी. तिच्या वाईनला पिकल्या पेरूसारखा जो वास येतो, तो देणारी गंधकयुक्त द्रव्ये द्राक्षात बांधलेल्या, वासरहित स्थितीत असतात व आंबवताना किण्व त्यांना मोकळे करते. आता बुरशी प्रथम बसते कोठे? सालीवरच. चोराने घरात शिरावे तेच तिजोरीच्या खोलीतून, असा हा प्रकार आहे.

द्राक्षाचे हे शत्रू जुने आहेत. भुरी १८४५ साली इंग्लंडातील काचगृहात प्रथम दिसली व थोड्याच वर्षांत तिने फ्रान्समधील मळे धुळीस मिळवले. केवडा १८७८ साली अमेरिकेतून फ्रान्सात उतरला. त्यावर मोरचूद व चुना ह्यांचे मिश्रण चालते, हे बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे ह्यांनी १८८५ साली प्रसिद्ध केले. आपण ज्यास बोर्डो मिश्रण म्हणतो ते हेच. आपल्या प्रांती वाईनच्या द्राक्षाची लागवड नारायणगावच्या बाजूस १९८०नंतरच्या दशकात वाढली. नाशिकजवळ सुला ह्या मद्यशाळेची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, आणि २००१ साली राज्य सरकारने ह्या धंद्यास उत्तेजन देणारे धोरण काढले.

भुरीस पानावर पाणी साचण्याची गरज लागत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ढगाळ, दमट हवा तिला पुरे. फुलोऱ्यापासून तीन-चार आठवडे मणी तिला फार लवकर बळी पडतो. त्यानंतर तो बराच कणखर होतो. लहानपणी भुरी लागलेल्या मण्याची साल राठ होते, आतला गर वाढतो पण साल ताणत नाही, आणि मणी तडकतो. अशा द्राक्षाचा रस हुंगला असता अळंब्याचा वास येतो. आपल्याकडे पावसाळ्यात रानात ज्या सात्या निघतात, त्यांचा वास देणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातील एक द्रव्य, १-ऑक्टेन-३-ओन, त्यात असते. आंबवताना किण्व त्याचे पुष्कळसे रूपांतर कमी वासाच्या द्रव्यात करून टाकते. त्यामुळे रोग पचला असे वाटते. पण तो पचलेला नसतो. पेरूचा वास देणारी द्रव्ये घटलेली असतात, आणि वाईन जिभेवर जड व कडसर लागते. ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत रोगी घडांचे प्रमाण वजनाने शेकडा पाचाच्या आतबाहेर असतानाच चव पाहणाऱ्यांस फरक कळून आला. शंभर घडांत पाच! आपल्या शेतात शंभर लोंब्यांत पाच काळ्या दिसल्या, तर कोणता कास्तकार घाबरतो?

केवड्यास शेतकरी डावणी म्हणतात. शास्त्रज्ञ तिला खरी बुरशी मानीत नाहीत, शैवालांच्या नात्यातील जीव मानतात. पण मळ्यात तिचे वागणे बुरशीचेच. तिला पान ओले लागते. ती पाने गाळते, म्हणून साखर भरत नाही, आणि घड कोवळा असेल तर तो सगळाच जातो. तिने सुकवलेले मणी तांबड्या वाईनच्या रसात शिरले, तर ताज्या फळाच्या जागी शिजवलेल्या, वाळलेल्या फळाचा वास येतो. महाराष्ट्रात तिची पाळी नेमकी कधी येते हे छाटणीवर अवलंबून असते. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबराच्या सुमारास फळछाटणी. म्हणजे परतीच्या पावसाची शेवटची सर आणि कोवळी फूट ह्यांची गाठ पडण्याची धास्ती दरसाल असतेच. २००९ साली नोव्हेंबरात फयान वादळ कोकणच्या किनाऱ्यास लागले, नाशिककडे अवेळी पाऊस झाला, आणि फुलोऱ्यात आलेल्या बागांवर डावणी अशी तुटून पडली की पुष्कळांच्या हाती त्या हंगामात काहीच लागले नाही. त्या वर्षी वासाची चर्चा करावयास घडच उरले नव्हते.

आता तिसरी, करडी बुरशी, बॉट्रिटिस. ही पिकलेल्या घडावर येते, आणि शेनिन ब्लांसारख्या गच्च घडाच्या, पातळ सालीच्या जातीत एका तडकलेल्या मण्यातून शेजारच्या दहांत शिरते. ती लॅकेस नावाचे विकर सोडते. त्याने रस तपकिरी पडतो, तांबड्या वाईनचा रंग उतरतो, आणि रस टिकवण्यासाठी मद्यशाळेत घालतात तो गंधकवायूही ह्या विकरापुढे दुबळा ठरतो. मस्कतातील लिनलूल-जिरॅनिऑल ती मोडून टाकते. ह्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. करड्या बुरशीने मऊ केलेल्या मण्यांवर पेनिसिलियम जातीची हिरवी बुरशी येऊन बसली, तर दोघींच्या संगतीने जिऑस्मिन हे द्रव्य तयार होते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर बांधीतून जो वास उठतो आणि ज्याने आपले मन हरखून जाते, त्यातील मुख्य द्रव्य हेच. जमिनीत ते सूक्ष्म जंतू तयार करतात. परंतु जो वास मातीला शोभतो, तो पेल्यात शोभत नाही. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील पन्नास-ऐंशी भाग एका लिटरात पडले असताही नाक ते ओळखते, आणि आंबवल्याने ते जात नाही. थोडेसे सडके घड, एक टोपली, एक हौद. इतक्या पायऱ्यांत सगळा माल मातकट होतो.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीतर जाणते वाचक आम्हांस हटकतील. हंगेरीतील टोकाय व फ्रान्समधील सोतेर्न येथे हीच करडी बुरशी मुद्दाम येऊ देतात. तेथे सकाळी धुके व दुपारी कोरडे ऊन असा मेळ जमतो. बुरशी सालीस बारीक भोके पाडते, मण्यातील पाणी उडून जाते, साखर घट्ट होते आणि मधासारख्या वासाची गोड वाईन निघते. एकच बुरशी, पण ओल टिकली तर कुज व ऊन पडले तर मेवा. आपल्या हवेत ह्या मेव्याच्या आशेवर कोणी घड वेलीवर ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषधांविषयीही दोन शब्द. रोगापासून वास वाचवावा म्हणून जे फवारतो, तेच वास नेऊ शकते, ही ह्या पिकाची खोच आहे. मोरचुदातील तांबे पेरूचा वास देणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांस बांधून टाकते. म्हणून सोव्हिन्योंवर घड भरत आल्यावर बोर्डो मिश्रण मारणे नुकसानीचे. भुरीसाठी धुरळलेले गंधक काढणीपर्यंत सालीवर राहिले, तर आंबवताना सडक्या अंड्यांचा वास उठतो. तेव्हा खरा उपाय वेलीच्या बांधणीत आहे: घडांभोवतीची पाने वेळीच काढावी, काड्यांची दाटी मोडावी, वारा व सकाळचे ऊन घडापर्यंत पोहोचेल असे करावे, फवारणीचा भर फुलोऱ्याच्या आगेमागे ठेवावा, आणि काढणीच्या वेळी सडका घड टोपलीत जाऊच देऊ नये. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ज्यांस ह्या विषयात खोल जावयाचे असेल त्यांनी तेथील सल्ला घ्यावा.

मग बपेऱ्यास वाईनचे द्राक्ष लावावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते भीतीपोटी नव्हे. निफाड-दिंडोरीचा द्राक्षपट्टा सह्याद्रीच्या आडोशाला आहे. आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरीने तेराशे मिलिमीटरच्या आसपास. कन्हार व मोरंड जमिनी ओल धरून ठेवतात, सभोवती तलाव व पाणी साचलेल्या बांध्या, आणि ऑक्टोबरात जेव्हा वेलीस कोरडी हवा पाहिजे तेव्हा आपल्याकडे सकाळी दहिवराने पाने निथळत असतात. त्यातून मद्यशाळा येथून कितीतरी कोस दूर; काढलेला घड तिथवर जाईतो टोपलीतच आंबू लागेल.

शिवाय वासावर विकले जाणारे पीक आपल्या घरी आहेच. चिनोराचा भाव त्याच्या सुगंधामुळे, आणि सुवासिक तांदळाचा तो सुगंध मुख्यतः २-असिटिल-१-पायरोलिन ह्या एका द्रव्याचा. त्यासही बुरशीचे तेच भय आहे. कापलेल्या कडपा अवेळी पावसात भिजल्या, किंवा पुंजणे ओलेच रचले गेले, की दाण्यावर बुरशी चढते आणि सात्यांचा तोच वास तांदळास लागतो. व्यापारी असे धान हुंगून भाव पाडतो, आणि कास्तकार वजनाचा हिशेब सांगत राहतो.

म्हणून भिजलेल्या कडपांचे चिनोर निराळे मळावे, निराळे वाळवावे, आणि चांगल्या मालात वजन वाढवण्यासाठी मिसळू नये. वाळवणे फार कडक उन्हात एकदम न करता पातळ पसरून, वरचेवर हलवून करावे. दाण्यातील ओल शेकडा बारा-तेरावर आली की पोती भरावी, आणि ती भिंतीस न टेकवता लाकडी फळ्यांवर रचावी. तुमसरच्या बाजारात नेण्यापूर्वी प्रत्येक ढिगातील मूठभर धान कांडून त्याचा भात निरनिराळ्या भांड्यांत शिजवावा, झाकण काढताच हुंगावा, आणि ज्या भांड्यास कुबट वास आला त्याच्या ढिगाची पोती बाजूला काढावी.