लिंकन यांच्या आजीचे माहेर कोणते?

अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी डिसेंबर १८५९ मध्ये एका स्नेह्याच्या आग्रहावरून आपल्या आयुष्याचे त्रोटक टिपण लिहून दिले. आईविषयी त्यात फारसे काही नाही. ती हॅन्क्स आडनावाच्या कुटुंबातील होती आणि आपल्या दहाव्या वर्षी वारली, एवढाच उल्लेख आहे. हा संक्षेप सहजच झालेला नव्हता, असे पुढे अनेकांना वाटू लागले.

लिंकन यांचे वकिलीतील भागीदार विल्यम हर्न्डन यांनी १८८९ मध्ये चरित्र प्रसिद्ध केले. सुमारे १८५० मध्ये घोडागाडीतून न्यायालयाकडे जाताना लिंकन यांनी आपल्याला एक कौटुंबिक गुपित सांगितले, असे त्यात नमूद आहे. त्यांची आई नॅन्सी ही ल्यूसी हॅन्क्सची अनौरस मुलगी आणि तिचा पिता व्हर्जिनियातील कुणी खानदानी जमीनदार! हुतात्मा झालेल्या अध्यक्षांच्या आईविषयी असे लिहिल्याबद्दल हर्न्डन यांच्यावर टीकेची झोड उठली.

ते खोडून काढायचे तर कागद हवेत, आणि कागदांचीच तर वानवा. नॅन्सीचा जन्म साधारण १७८४चा. त्या काळी व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरील वस्त्यांत जन्मनोंदणी जवळजवळ नव्हतीच. जनगणनेच्या यादीत १८४०पर्यंत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बायका-मुलींची नुसती संख्या. स्त्रीचे नाव कागदावर यायचे ते लग्न, वारसा किंवा खटला यांच्या निमित्तानेच.

१८९९ मध्ये कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी असाच एक कागद पुढे केला. केंटकीतील जोसेफ हॅन्क्स याच्या १७९३च्या मृत्युपत्रात मुलग्यांना घोडे आणि मुलींना एकेक कालवड दिली आहे. त्या मुलींत एक नॅन्सी. म्हणजे लिंकन यांची आई जोसेफची औरस कन्या, वाद मिटला! पण तो मिटला नाही. मृत्युपत्रातील नॅन्सी ही पुढे लिव्हाय हॉलची पत्नी झाली, हे विल्यम बार्टन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दाखवून दिले. एकाच घराण्यात दोन नॅन्सी होत्या. नाव जुळले की माणूस सापडला, असे मानणाऱ्या हौशी वंशावळकारांची फसगत अशीच होते.

बार्टन यांना आणखी एक नोंद मिळाली. केंटकीतील मर्सर काउंटीत नोव्हेंबर १७८९ मध्ये ग्रँड ज्युरीने ल्यूसी हॅन्क्सवर विवाहाविना शरीरसंबंध ठेवल्याचा आरोप ठेवला होता. पुढे १७९१ मध्ये तिने हेन्री स्पॅरो याच्याशी लग्न केले. ल्यूसी ही जोसेफचीच मुलगी, असा बार्टन यांचा निष्कर्ष. मात्र मृत्युपत्रात तिचे नाव नाही, हे खरे. लुई वॉरन यांनी नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. त्यांच्या मते ल्यूसी मूळची शिपली घराण्यातील आणि जेम्स हॅन्क्सची विधवा. नॅन्सीच्या १८०६च्या विवाहबंधपत्रावर रिचर्ड बेरी याने ‘पालक’ म्हणून सही केली आहे आणि बेरी घराण्यात शिपलींची एक मुलगी सून म्हणून आली होती. पितृहीन औरस मुलीला पालक असणे स्वाभाविकच.

सगळा वाद एका आडनावावर येऊन ठेपला. हॅन्क्स हे ल्यूसीचे सासरचे आडनाव असेल, तर नॅन्सी औरस. ते माहेरचे असेल, तर अविवाहित आईने मुलीला स्वतःचेच आडनाव दिले, असे मानावे लागते. दोन्ही बाजूंचे अभ्यासक जवळपास नऊ दशके तेच कागद उलटसुलट वाचत राहिले.

अखेर जनुकशास्त्राची मदत घेण्यात आली. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए मुलांना केवळ आईकडून मिळतो आणि मुलीमार्फतच पुढे जातो. नॅन्सीची एकुलती एक मुलगी सारा १८२८ मध्ये बाळंतपणात दगावली, तिचे मूलही वाचले नाही. त्यामुळे नॅन्सीची ही शाखा तिथेच खुंटली. म्हणून संशोधकांनी हेन्री स्पॅरोपासून ल्यूसीला झालेल्या मुलींच्या मातृवंशजांचे नमुने घेतले. ते जोसेफची पत्नी अ‍ॅन हिच्या इतर मुलींच्या वंशजांशी आणि शिपली भगिनींच्या वंशजांशी ताडून पाहिले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ल्यूसीचा मातृवंश अ‍ॅनच्या लेकींशी जुळला, शिपलींशी नाही. एक्स-१-सी हा त्यांचा गट अत्यंत दुर्मीळ असल्याने योगायोगाची शक्यता फारच थोडी. ल्यूसी जन्माने हॅन्क्सच होती.

अर्थात या चाचणीने सिद्ध झाले ते ल्यूसीचे माहेर. ल्यूसी हीच नॅन्सीची आई, हा दुवा आजही हर्न्डन यांची साक्ष आणि जुने कागद यांवरच उभा आहे. केवळ त्या साक्षीचे वजन आता वाढले आहे. ‘पालक’ या शब्दाचा अर्थही नव्याने लावावा लागेल, कारण बाप नसलेल्या मुलीला पालक लागतो, मग तो बाप वारलेला असो वा नाव न सांगितलेला. व्हर्जिनियातील त्या जमीनदाराचे नाव सांगणारा कागद मात्र अद्याप कुणाच्या हाती लागलेला नाही.