स्त्री-संप्रेरके आणि श्रवणशक्ती

उतारवयातील जोडपे दवाखान्यात आले की बहुधा आजोबांना प्रश्न मोठ्याने विचारावा लागतो आणि उत्तर आजीच देऊन टाकतात. यामागे केवळ आजींचा स्वभाव नाही. वयपरत्वे येणारा बहिरेपणा पुरुषांत लवकर सुरू होतो व वेगाने वाढतो. शहाबादी फरशीच्या खाणी, कापणीची यंत्रे, सिमेंटचे कारखाने यांतील कर्कश आवाज आपल्या भागात प्रामुख्याने पुरुषांच्या वाट्याला येतो, हे एक कारण झाले. परंतु गोंगाटापासून दूर राहिलेल्या पुरुषांतही हा फरक दिसतो. म्हणूनच संशोधकांचे लक्ष इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाकडे वळले.

आंतरकर्णातील शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्यांचे. जन्मतः मिळालेली ही शिदोरी आयुष्यभर पुरवावी लागते. कारण मनुष्यात नष्ट झालेली केशपेशी पुन्हा निर्माण होत नाही.

संप्रेरक आपले काम पेशीतील विशिष्ट ग्राहीला जोडले गेल्यावरच करते. इस्ट्रोजेनच्या अल्फा ग्राहीची माहिती पूर्वीपासून होती. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत १९९६ मध्ये दुसरा, बीटा ग्राही सापडला. हे दोन्ही ग्राही आंतरकर्णातही आढळतात. त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या उंदरांत बीटा ग्राही नव्हता किंवा ज्यांच्या शरीरात इस्ट्रोजेन तयारच होत नव्हते, त्यांच्या श्रवणशक्तीची मोठ्या आवाजाने अधिक हानी झाली. उलट, केवळ बीटा ग्राहीला चेतवणारे इस्ट्रोजेनसदृश द्रव्य दिल्यावर सामान्य उंदरांना काही अंशी संरक्षण मिळाले. मज्जापेशींचे पोषण करणाऱ्या एका प्रथिनाचा यात सहभाग असल्याचे दिसले. अल्फा ग्राहीला, म्हणजेच स्तन व गर्भाशयावरील मुख्य परिणामाला, फारसा धक्का न लावता कान राखता येईल, ही या शोधामागील आशा आहे.

मात्र उंदराकडून मनुष्याकडे येताना सावध राहावे लागते. रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या संयुक्त उपचाराची मोठी अमेरिकन चाचणी २००२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला होता. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात, तोंडाने संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत बहिरेपणाचे प्रमाण कमी नव्हे, तर किंचित अधिक आढळले. तेव्हा कान शाबूत राहावेत एवढ्यासाठी या गोळ्या घेणे आज समर्थनीय नाही. बिदर जिल्ह्यात सोयाबीन मुबलक पिकते आणि त्यातील जेनिस्टीन हे द्रव्य बीटा ग्राहीकडे अधिक आकृष्ट होते, हे खरे. पण सोयाबीन खाल्ल्याने मनुष्याचा बहिरेपणा टळतो, असे सिद्ध झालेले नाही.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने या विषयाचे खरे महत्त्व टर्नर सिंड्रोममध्ये आहे. सुमारे २००० ते २५०० मुलींमागे एकीत एक एक्स गुणसूत्र पूर्णतः वा अंशतः नसते. बीजांडकोश नीट कार्य करीत नसल्याने शरीरात इस्ट्रोजेन अत्यल्प असते. या मुलींना बालपणी मध्यकर्णाचे विकार वारंवार होतात आणि पुढे, ऐन तारुण्यातही, आंतरकर्णाचा बहिरेपणा येऊ शकतो. त्यास केवळ इस्ट्रोजेनची उणीव कारणीभूत आहे असे म्हणता येत नाही. गुणसूत्रातील दोषाचाही वाटा असावा. त्यांना ११-१२ वर्षांच्या सुमारास इस्ट्रोजेन सुरू करतात, ते यौवनागम, गर्भाशय व हाडे यांसाठी. त्यामुळे कानही वाचेल, असे आश्वासन पालकांना देऊ नये.

अशा मुलीला पालक आणतात ते उंची वाढत नाही म्हणून. कानाबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. औराद, भालकी, बसवकल्याण वा आळंदच्या मराठी घरातील मूल कन्नड शाळेत गप्प बसले, तर ‘त्याला भाषा कळत नाही’ असा निष्कर्ष चटकन काढला जातो. भाषेच्या या पडद्याआड सौम्य बहिरेपणा वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. घरीही हाक दोनदा मारावी लागते का, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

औषधाने कानाचे रक्षण अशक्य आहे, असे नाही. सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध घेणाऱ्या बालकांत सोडियम थायोसल्फेटमुळे बहिरेपणाचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आल्याचे २०१८ मध्ये सिद्ध झाले. इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांबाबत असा पुरावा मिळेपर्यंत हाती असलेले उपाय नेटाने करावेत. नवजात अर्भकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत व उपचार सहाव्यापर्यंत व्हावेत. मामा-भाची वा आतेमामे भावंडांच्या विवाहातून झालेल्या बालकांबाबत विशेष दक्षता घ्यावी. जेंटामायसिनसारखी औषधे गरजेपुरतीच, योग्य मात्रेत वापरावीत. खाणकामगारांना कर्णरक्षक द्यावेत आणि वरातीतील ध्वनिक्षेपकाजवळ लहान मुलांना नाचवू नये. आणि बुटक्या मुलीची गुणसूत्र-तपासणी लिहून देताना त्याच कागदावर श्रवणचाचणीही लिहावी. त्या एका ओळीने तिची शाळा वाचू शकते.