माळ्यावरच्या दगडांतून पुन्हा खारा टँक

खाऱ्या पाण्याचा टँक बंद करताना मासे ओळखीत कुणाला तरी दिले जातात. दगड आणि वाळू गोणीत भरून माळ्यावर जातात. पुन्हा टँक लावायचं ठरलं की आधी तीच गोणी आठवते, आणि ते योग्यही आहे. सच्छिद्र चुनखडीचा चांगला दगड महाग मिळतो. फक्त हा माल गोणीतून थेट टँकमध्ये जात नाही. मधला मुक्काम पिंपात करावा लागतो.

आधी दगड जिवंत आहे की मेलेला, ते बघायचं. वाहत्या खाऱ्या पाण्यात कायम बुडवून ठेवलेला दगड जिवंत असतो. त्याच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. खोल भोकांमध्ये, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. असा दगड ओलाच हलवला तर टँक लवकर मार्गी लागतो. वाळलेल्या दगडावर हे कामगार उरत नाहीत. मागे राहतात वाळके स्पंज, शेवाळ आणि किड्यांच्या नळ्या. एखाद्या भोकात टूथपिक फिरवली की तपकिरी भुगा बाहेर येतो. पाण्यात हाच भुगा कुजतो आणि अमोनिया सोडतो. एक दगड बादलीत रात्रभर भिजत ठेवून सकाळी वास घेतला की आत किती घाण आहे याचा अंदाज येतो.

जुन्या टँकमध्ये तांब्याचं औषध वापरलेलं असेल तर दगड आणि वाळू दोन्ही सोडून द्यावीत. चुनखडी तांबं धरून ठेवते आणि पुढे हळूहळू सोडते. मासे एक वेळ निभावतात, पण कोळंबी, गोगलगाय आणि पोवळी यांना ते सोसत नाही.

तशी शंका नसेल तर धुलाईला लागावं. दगड कडक ब्रशने घासून दहा भाग पाण्यात एक भाग साधं, बिनवासाचं ब्लीच घालून एक-दोन दिवस बुडवून ठेवावेत. हे काम गच्चीत किंवा अंगणात करावं, हातमोजे घालावेत. नंतर भरपूर पाण्याने धुवावेत, क्लोरीन मारणारं औषध घातलेल्या पाण्यात ठेवावेत आणि उन्हात खडखडीत वाळू द्यावेत. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो. दगड उकळण्याचा सल्लाही ऐकू नये. दगडावर वाढणाऱ्या झोअँथिड या पोवळ्यांसारख्या जीवांच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते वाफेबरोबर श्वासात जाऊन माणसं रुग्णालयात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

ब्लीचने कुजका माल जातो, फॉस्फेट जात नाही. वर्षानुवर्षं टाकलेल्या खाद्यातलं फॉस्फेट चुनखडीला चिकटून बसतं, आणि पाण्यात त्याचं प्रमाण कमी झालं की दगड ते सोडू लागतो. उधारी वसूल करायला गेलेल्या माणसाला दर वेळी थोडेसेच पैसे मिळावेत, तसा हा प्रकार असतो: पाणी बदललं की आकडा उतरतो, आठवड्याने परत चढतो. म्हणून धुतलेले दगड पिंपात खाऱ्या पाण्यात ठेवावेत, आत एक पंप फिरता ठेवावा आणि शेवाळ धरू नये म्हणून वर झाकण घालावं. दर आठवड्याला फॉस्फेट मोजावं, पाणी बदलावं. हवं तर फेरिक ऑक्साइडचे दाणे जाळीच्या पिशवीत घालून सोडावेत. पाणी न बदलता आकडा दोन-तीन आठवडे ०.१ पीपीएमच्या आत टिकला की दगड तयार झाले. याला महिना लागतो, कधी दोन-तीनही.

वाळूचं काम वेगळं. बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवावं. पाणी चहासारखं झालं तर ती धुवावीच लागेल. थोडी थोडी वाळू बादलीत घेऊन नळाचं पाणी जोरात सोडावं, हाताने ढवळावं, गढूळ पाणी ओतून द्यावं आणि पाणी नितळ येईपर्यंत हेच करत राहावं. शेवटचं पाणी आरओचं घ्यावं. जुना टँक अजून भरलेला असेल आणि तळाशी काळा थर दिसत असेल, तर वाळू उपसण्याआधी मासे दुसरीकडे हलवावेत. सडक्या अंड्यांचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो माशांना मारतो.

मग टँक. दगड वाळूवर न रचता आधी थेट तळाच्या काचेवर पक्के बसवावेत आणि वाळू नंतर भोवती पसरावी. वाळू उकरणारे मासे खालून बीळ करतात आणि वाळूवर उभा केलेला डोलारा काचेवर कोसळतो. शंभर लिटर पाण्याला साधारण साडेतीन किलो सागरी मीठ लागतं. २५ अंशाला विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास हवं. मुंबई-कोकणात हीटरपेक्षा एप्रिल-मेची चिंता जास्त. पाणी २८ अंशांच्या वर जाऊ लागलं की पृष्ठभागावर पंखा लावावा आणि उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओ पाणी घालावं, कारण मीठ उडून जात नाही.

आता जिवाणू. बाटलीतले घ्यावेत किंवा खात्रीच्या टँकमधला ओला फिल्टर-स्पंज आणावा. त्यांना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्यावा. काही दिवसांनी तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. पुढे तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उतरलं की बरंचसं पाणी बदलून एक-दोन मासे सोडावेत. त्यानंतर वाळूवर तपकिरी साय धरते. ते डायटम असतात, काही आठवड्यांत ओसरतात.

दगड दुसऱ्याकडून घेणार असाल तर तो पोवळ्यांचा सांगाडा नाही ना, एवढी खबरदारी हवी. २००१ पासून प्रवाळभित्ती घडवणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि त्यांच्या मेलेल्या सांगाड्यांचा व्यापारही बेकायदा आहे. ‘जुनाच माल आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

कोऱ्या दगडालाही जिवाणू बसायला काही आठवडे लागतातच. जुन्या दगडाला जास्तीचा वेळ लागतो तो फक्त घाण आणि फॉस्फेट काढायला. तो पिंपात गेला तर खर्च मिठाचा आणि पाण्याचा होतो. टँकमध्ये गेला तर तो माशांना भरावा लागतो.