महाड बंदराचे जुने रहिवासी आणि म्युनिसिपालिटीचा ठराव

दरवर्षी २० मार्चला आम्ही महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहून ओंजळभर पाणी घेतो, बाबासाहेबांना अभिवादन करतो आणि परततो. एका वर्षी आमच्याबरोबर आलेल्या एका विद्यार्थ्याने पायरीवरच विचारले, "तळे म्युनिसिपालिटीचे होते. म्युनिसिपालिटीने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही १९२४ साली केला होता. मग १९२७ साली सत्याग्रह कशाला करावा लागला?"

प्रश्न साधा होता, पण आमच्यापैकी कोणालाही त्याचे धड उत्तर देता आले नाही. आम्ही सत्याग्रहाची तारीख पाठ केली होती, परंतु म्युनिसिपालिटी म्हणजे काय, तळे कोणाच्या मालकीचे होते, ठराव कोणी केला आणि तो पुढे रद्द कोणी केला, याचा कधी विचारच केला नव्हता. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विचार वाचक बंधू-भगिनींपुढे मांडीत आहोत.

खाडीकाठचे जुने रहिवासी

महाड हे सावित्री नदीकाठचे बंदर. समुद्र तेथून बराच लांब, बाणकोटला. परंतु भरतीचे पाणी खाडीतून वर चढत येते आणि त्या पाण्यावर पूर्वी गलबते, मचवे आत येत. मोठी जहाजे अलीकडे दासगावच्या बंदरात थांबत, लहान पडाव भरती साधून महाडपर्यंत जात. वर वरंध घाटातून देशावरचा माल उतरे, खालून मीठ, मासळी, भात वर चढे. घाट आणि खाडी यांची गाठ जेथे पडते तेथे बाजार वसतो. महाड असेच वसले.

या बंदराची सर्वांत जुनी लेखी साक्ष गावात नाही. ती गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर, गांधारपाले येथील डोंगरात आहे. तेथे तीसच्या आसपास बौद्ध लेणी आहेत. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाताना ती मान वर केली की दिसतात. त्यांतील एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. कानभोअ विष्णुपालित नावाच्या कुमाराने हे लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्या दान केल्या, असे तो लेख सांगतो. एवढ्यावर तो थांबत नाही. लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन पोढ्या आणि लेण्याकडे येणारी वाट, हेही त्याच दानात मोडते. दुसऱ्या एका लेखात एका श्रेष्ठी घराण्याच्या दानाचा आणि त्यासोबत दिलेल्या शेतजमिनीचा उल्लेख आहे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील हे लेख आहेत. त्या काळी या बंदरातील राजपुत्र आणि व्यापारी पाण्याचे टाके खोदून देणे याला धम्मदान मानीत होते. वर्षावासाला आलेला भिक्खू, वाटसरू व्यापारी, घाट चढणारा हमाल, जो कोणी वाट चढून आला त्याची तहान भागावी, हाच त्या दानाचा अर्थ. त्याच महाडात पुढे पाण्यावरून माणसे डोकी फोडतील, हे त्या दात्याच्या स्वप्नातही आले नसेल.

शीव राखणारे, पण सभेबाहेर

मधल्या शतकांत गाव बदलले. कोकणात खोत आले, वतने आली, बलुती ठरली. महारवाडा गावाच्या कडेला गेला. गावची शीव कोठून कोठे जाते हे महाराला विचारावे आणि त्याचा शब्द प्रमाण मानावा, अशी रीत होती. सरकारी कागद पोचवायचा, पाहुण्या अंमलदाराची व्यवस्था लावायची, सारा वसुलीच्या वेळी माणसे बोलवायची, ही कामेही त्याच्याचकडे. म्हणजे गावकारभाराचे ओझे ज्याच्या खांद्यावर, त्यालाच गावकारभाराच्या बैठकीत जागा नव्हती. ज्याला गावची हद्द ठाऊक, त्यालाच गावच्या पाणवठ्याची बंदी.

इंग्रजी अमदानीत या स्थितीला पहिला धक्का लष्करी नोकरीने दिला. कोकणातील अनेक महार तरुण मुंबईच्या पलटणीत शिरले. पलटणीत त्यांना अक्षरओळख झाली, शिस्त आली, पेन्शन मिळू लागली. निवृत्तीनंतर ही मंडळी दापोली, महाड, दासगाव या भागात घरे करून राहिली. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले होते. या पेन्शनर वस्त्यांतूनच कोकणातील जागृतीची पहिली पिढी निघाली.

त्यांतील अग्रणी म्हणजे महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. १८८६ साली लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली, अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली, सरकारकडे अर्ज केले. १८९५ साली सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर सभासद नेमले. लोकल बोर्ड म्हणजे रस्ते, विहिरी, शाळा, दवाखाने पाहणारी तालुक्याची संस्था. काही सभासद निवडलेले, काही सरकारने नेमलेले. अस्पृश्य समाजाचा माणूस शेजारी बसणार म्हणून इतर सभासदांनी विरोध केला. स्थानिक स्वराज्याच्या सभेत आपल्या माणसाने पाऊल टाकण्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग होय, आणि तो महाड तालुक्यातच घडला.

तळे कोणाचे?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ.

म्युनिसिपालिटी ही एकोणिसाव्या शतकात कायद्याने निर्माण झालेली संस्था. गावातील मिळकतदार आणि करदाते तिचे मतदार. साहजिकच तिच्या सभागृहात बाजारपेठेतील घरमालक आणि व्यापारी बसत. बाहेरच्या वाड्यांतील गरीब माणूस मतदारयादीतही नसे. परंतु तिच्या ताब्यातील रस्ते, तळी, दिवाबत्ती ही कोणा घराण्याची किंवा जातीची मालमत्ता नसते. ती सार्वजनिक असते. चार-पाच एकरांचे चवदार तळे असेच सरकारी मालकीचे आणि कायद्याने म्युनिसिपालिटीकडे सोपवलेले होते. त्याच्या चारी बाजूंनी म्युनिसिपालिटीचे रस्ते होते. परधर्मीयांना त्याचे पाणी चालत होते, गुराढोरांना चालत होते. अस्पृश्यांना तेवढे चालत नव्हते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सरकारने तसे हुकूम काढले. त्याला अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजी महाड म्युनिसिपालिटीने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे, म्युनिसिपालिटीचे अध्यक्षपद भूषविलेले प्रामाणिक सुधारक गावात होते, म्हणून हे घडले. त्यांचे ऋण आम्ही मानतो.

पण पुढे काय झाले? काहीच नाही. ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर कोणी गेले नाही आणि कोणाला जाऊ दिलेही गेले नाही. ठरावाने दार उघडले असे कागद म्हणत होता. दारात मात्र पूर्वीचीच माणसे उभी होती.

कागदावरून ओंजळीत

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, टिपणीस आदींनी तिच्यासाठी खपून काम केले होते. परिषदेला जमलेल्या लोकांना गावात पाणी मिळेना, म्हणून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. हाकेच्या अंतरावर सार्वजनिक तळे असताना!

दुसऱ्या दिवशी ठरावाची अंमलबजावणी लोकांनी स्वतःच केली. बाबासाहेब पुढे आणि मागे सुमारे अडीच हजार माणसे शिस्तीने तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मग इतरांनी घेतले. थोड्याच वेळात वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. पुढे एकशे आठ घागरी पाणी उपसून त्यात पंचगव्य मिसळून तळे "शुद्ध" करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी म्युनिसिपालिटीने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

येथे विद्यार्थ्याला उत्तर मिळते. ठराव जोवर निरुपद्रवी होता तोवर तो टिकला. माणसे त्याचा उपयोग करू लागताच तो रद्द झाला. जो हक्क सभेतील बहुमताच्या मर्जीवर मिळतो तो त्याच मर्जीने जातोही. वापरला आणि सिद्ध केला तरच तो आपला होतो.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. धरमतरमार्गे मोटारवाले नेतील की नाही ही शंका, म्हणून बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी पद्मावती बोटीने मुंबईहून निघाले. २५ डिसेंबरला दुपारी दासगावच्या बंदरात उतरून ते महाडपर्यंत पायी चालत गेले. मंडपाला जागा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. मात्र तळ्यावर जाण्यास दिवाणी कोर्टाची तात्पुरती मनाई १४ डिसेंबरलाच आली होती. बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखला, सत्याग्रह तहकूब केला आणि लढा कोर्टात नेला.

"पूर्वापार" म्हणजे केव्हापासून?

नऊ जणांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला होता. तळे स्पृश्यांचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवू नये अशी पूर्वापार वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. थोडक्यात, आम्ही आधीचे रहिवासी, म्हणून पाणी आमचे.

मनाई २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठली, पण दावा चालू राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टात, ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या अपिलात आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. तळे खाजगी नाही, ते म्युनिसिपालिटीच्या ताब्यातले आहे, हे ठरले. वहिवाट स्मरणापलीकडची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, असे हायकोर्टाने म्हटले. तळ्यावर पहिली ओंजळ घेतल्याला त्या दिवशी दहा वर्षे पूर्ण व्हायला तीनच दिवस कमी होते.

आम्हांला या निकालाचे महत्त्व असे वाटते. "पूर्वापार" हा शब्द ऐकला की आपला माणूस आजही गप्प बसतो. कोर्टाने मात्र विचारले, केव्हापासून? पुरावा काय? पूर्वापारच शोधायचे तर गांधारपाल्याचा डोंगर चढावा. तेथील जुनी वहिवाट पाणी अडवण्याची नाही, पाणी देण्याची आहे. परंतु आमचाही हक्क केवळ आमचे पूर्वज जुने म्हणून सिद्ध होत नाही. आधी कोण आले, या वादाला अंत नाही. जो गावात राहतो, कष्टतो, कर भरतो, त्याचा सार्वजनिक पाण्यावर हक्क आहे. तो काल आला असेल तरीही.

आपण काय करावे?

महाडचा धडा बाबासाहेब विसरले नाहीत. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी कायदेमंडळात ग्रामपंचायत बिलावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांना पंचायतीत राखीव जागा असाव्यात असा आग्रह धरला. सत्ता गावाच्या हाती गेली म्हणजे ती गावातील सर्वांच्या हाती जातेच असे नाही, हे त्यांनी अनुभवले होते. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायती आणि नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांच्या राखीव जागांना घटनेचे बळ मिळाले. महाराष्ट्रात आता निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत.

पण राखीव जागा हाही एका अर्थी ठरावच आहे. आपली भगिनी सरपंच होते आणि सहीचा शिक्का दुसऱ्याच्या खिशात राहतो, असे घडत असेल तर आपण १९२४ सालातच उभे आहोत. म्हणून गावाकडे जाणाऱ्या आमच्या बंधू-भगिनींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुंबईहून गणपतीला, शिमग्याला गावी जाता, तसे एखाद्या ग्रामसभेलाही जा. मतदारयादीत आपल्या वाडीची नावे आहेत का ते पाहा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पंधरा टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कामांवर खर्च करावयाची असते. ती कोठे खर्च झाली ते विचारा. आणि नळयोजनेचा ठराव झाला असेल तर त्याची नक्कल मागून घ्या, मग शेवटच्या घराच्या नळाला पाणी येते का ते स्वतः जाऊन बघा.

तो विद्यार्थी आज वकिली शिकतो आहे. येत्या २० मार्चला तो बरोबर असेल. तळ्यावर अभिवादन झाल्यावर या वेळी आम्ही त्याला गांधारपाल्याच्या लेण्यात घेऊन जाणार आहोत, त्या दोन पोढ्या दाखवायला.

जयभीम!