कऱ्हाकाठच्या घरात भाजलेला मासा

मोरगाव हे नाव उच्चारताच मराठी माणसास मयूरेश्वराचे मंदिर आठवते. अष्टविनायकांतील हे पहिले स्थान. तेव्हा ह्या गावाच्या संदर्भात माशाच्या जेवणाची गोष्ट काढणे कित्येकांस विपरीत वाटण्याचा संभव आहे. परंतु क्षेत्राचे गाव झाले तरी तेथे नाना रीतींची घरे नांदतात. मंगळवार, चतुर्थी आणि श्रावण पाळून इतर दिवशी सामिष जेवणारी कुटुंबे ह्या मुलुखात पुष्कळ आहेत, आणि बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या चुलीवर काय शिजावे, हा प्रश्न त्यांच्यापुरता खरा आहे. श्रावण पाळण्यात नकळत एक शहाणपणही साधते, कारण रोहू, कटला, मृगळ ह्या माशांचा विणीचा काळ पावसाळ्यातच येतो.

हा सगळा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. कऱ्हा पुरंदरच्या डोंगरांतून निघते, मोरगावावरून आणि बारामतीवरून वाहत जाऊन नीरेला मिळते. तथापि उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसावयाची. अशा प्रदेशात मासा म्हणजे आठवड्याच्या बाजारातील सुका बोंबील नाही तर सुकट, आणि पावसाळ्यात डोहात जे काय सापडेल ते. ही स्थिती पालटली ती भीमेवरील उजनी धरणामुळे. हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव असून त्याचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले आहे. त्या पाण्याखाली कित्येकांची घरे व शेते गेली. पण त्याच पाण्यावर मासेमारी उभी राहिली, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण हे माशांच्या बाजाराचे गाव झाले. भिगवणचा मासा बारामतीस सहज येतो, व तेथून मोरगावच्या बाजूलाही पोहोचतो.

मासा आला, परंतु तो रांधण्याची रीत मात्र सुक्या माशाचीच राहिली. भरपूर तेल, भरपूर तिखट, लालभडक वाटण, आणि त्यात मासा शोधावा लागावा अशी अवस्था. रस्त्यावरच्या खाणावळींनी ह्या रीतीस आणखी उत्तेजन दिले. मसाल्याच्या पांघरुणाखाली ताजा मासा आणि शिळा मासा ह्यांत भेद राहत नाही. कोंडून भाजलेल्या माशाचे तसे नाही. तो आहे तसाच पानावर येतो. म्हणून ह्या पाककृतीतील निम्मे कौशल्य चुलीपाशी नसून बाजारात आहे.

बाजारात संध्याकाळी जाणाऱ्याने अधिकच सावध असावे, कारण लिलाव सकाळी होतो आणि माल दिवसभर पडून असतो. तो बर्फात होता की नुसत्या ओल्या पोत्याखाली, हे आधी पाहावे. डोळा भरलेला व स्वच्छ असावा, खोल गेलेला किंवा दुधाळ नसावा. कल्ला उचलून पाहावा. तो लाल असला पाहिजे, तपकिरी नव्हे. अंगठ्याने दाबले असता मांस पुन्हा वर यावे. विक्रेता कल्ला उचलू देत नसेल तर त्याच्याकडचा मासा न घेणेच बरे.

कोणता मासा घ्यावा? ह्या भागात चिलापी म्हणतात तो मासा भाजण्यास सर्वांत सोयीचा. तो मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली भारतात आणला गेला. ह्याची मादी अंडी तोंडात धरून राखते, त्यामुळे त्याची वाढ झपाट्याने होते आणि इतर माशांस जागा उरत नाही, ही त्याची वाईट बाजू. परंतु त्याच्या मांसात बारीक काटे फारसे नसतात, आणि लहान मुलांच्या घरात हा गुण मोठा आहे. रोहू व कटला चवीला सरस, पण त्यांच्या मांसात, विशेषतः शेपटीकडे, दुबेळक्यासारखे बारीक काटे असतात. मरळ मिळाली तर उत्तम. मात्र तिचा भाव ऐकून पुष्कळजण पुढे सरकतात.

गोड्या पाण्यातील माशास चिखलाचा वास येतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तो चिखल नव्हे. पाण्यातील नीलहरित शेवाळ व काही जिवाणू जिऑस्मिन नावाचे एक द्रव्य निर्माण करतात, आणि ते माशाच्या मांसात मुरते. वळवाचा पहिला पाऊस पडला म्हणजे तापलेल्या मातीचा जो सुगंध येतो त्यातही हेच द्रव्य असते. मातीत जे मनास प्रसन्न करते तेच ताटात नकोसे होते. उजनीच्या पाण्यात हे शेवाळ वाढण्यास कारणही आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी मुळा-मुठेच्या वाटेने भीमेत येते, त्यातील खतासारख्या द्रव्यांवर शेवाळ पोसते, आणि शहराने सोडलेल्या पाण्याचा वास अखेर खेड्यातील गृहिणीस धुवून काढावा लागतो. हा न्याय नव्हे. परंतु उपाय तिच्या फडताळातच आहे. जिऑस्मिन आंबटापुढे टिकत नाही. म्हणून चिंचेच्या कोळात किंवा आंबट ताकात मासा पंधरा मिनिटे ठेवावा.

साफ करताना खवले, कल्ले व आतडी काढावीत, आणि पोटाच्या आतील काळा पापुद्रा सुरीने खरवडून टाकावा. कडवटपणा बहुधा त्याचाच असतो. अशा पाण्यातील माशाचे आतडे वगैरे कोणी चवीने खाऊ नये. पाच माणसांच्या घरास अर्ध्या अर्ध्या किलोचे तीन मासे लागतात, कारण डोके, काटे व पोट वजा जाता खाण्याजोगा भाग वजनाच्या निम्म्याहूनही कमी भरतो. दोन्ही अंगांस काट्यापर्यंत तीन तीन तिरप्या चिरा द्याव्या. वाटण साधेच: कोथिंबिरीची एक जुडी, आठ-दहा पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढे आले, चार हिरव्या मिरच्या, थोडे जिरे, आणि मूठभर भाजलेला सुक्या खोबऱ्याचा कीस. मीठ, हळद व दोन चमचे तेल घालून हे चिरांत व पोटात भरावे.

घरी विजेची भट्टी असेल तर प्रश्नच नाही. पण नसली म्हणून अडत नाही. पूर्वी पातेल्यावर झाकण ठेवून त्यावर निखारे रचीत, आणि खालून-वरून सारखी आच देत. गॅसच्या चुलीवर हे काम जाड बुडाचे मोठे पातेले करते. तळाशी दोन वाट्या जाडे मीठ पसरावे, त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापू द्यावे. पातळ ॲल्युमिनियमचे किंवा काळ्या लेपाचे भांडे ह्यासाठी वापरू नये. मासे केळीच्या पानात गुंडाळावे. इंदापुराकडे केळीच्या बागा आहेत, तेव्हा पानाची वाण पडू नये. खाली कांद्याच्या चकत्या घातल्या म्हणजे त्या माशाच्या रसात शिजतात. पारशी लोकांची पात्रानी मच्छी ह्याच जातीची. फरक इतकाच की ती वाफेवर शिजते, आणि येथे पानाच्या कडा करपून माशास धुराचा किंचित वास लागतो.

पुडी ताटलीवर ठेवून तिवईवर सोडावी व झाकण लावावे. तीन मासे एका पातेल्यात न मावले तर दोन पातेली मांडावी, दाटी करू नये. साधारण पंचवीस मिनिटे लागतात. माशाच्या स्नायूंतील तंतू मटणाच्या मानाने फार कमी उष्णतेला घट्ट होतात, म्हणून मासा लवकर शिजतो आणि लवकरच कोरडाही पडतो. डोक्यामागच्या जाड भागात सुरीचे टोक घालून पाहावे. मांस काचेसारखे दिसत असेल तर पाच मिनिटे आणखी. पांढरे होऊन काट्यापासून सुटत असेल तर ताबडतोब उतरावे.

ह्या पंचवीस मिनिटांतच ह्या रीतीची खरी सोय आहे. शाळेतून, दूध डेअरीतून किंवा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतून दमून आलेल्या बाईला कढईपाशी उभे राहून एक एक तुकडा परतावा लागत नाही. दुसऱ्या चुलीवर तेवढ्यात बाजरीच्या भाकऱ्या होतात. तिचे जेवण इतरांच्या जेवणाबरोबर होते, आणि तिलाही मासा गरम मिळतो. तळणाच्या दिवशी हे क्वचितच घडते.

वाढताना मासा पाठीच्या रेषेवर उघडून वरचे मांस अलगद बाजूस करावे व मधला काटा शेपटीकडून धरून अखंड उचलावा. मुलांस मांस बोटांनी चाचपून द्यावे. काटा घशात अडकलाच तर भाकरीचा किंवा भाताचा घास गिळावयास लावण्याची जुनी चाल सोडून द्यावी. त्याने काटा अधिक खोल रुततो. सरळ डॉक्टर गाठावा.

डोकी व काटे टाकण्याचे कारण नाही. उरलेल्या चिंचेचा ताजा कोळ, लसूण व पाणी घालून ती त्याच रात्री उकळून गाळून ठेवली, आणि थंड होताच शीतपेटीत गेली, की दुसऱ्या दिवशीच्या भातास सार तयार असते.