हुंकार देणारा माणूस

रेकॉर्डिंगची पहिली फाईल जेमतेम अकरा मिनिटांची. गोष्ट सांगणाऱ्या आजांनी ती मध्येच गुंडाळली. मला वाटलं, दमले असतील. त्यांचा नातू म्हणाला, "तुम्ही गप्प बसलात ना!" रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज नको म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. आणि आजांना दर वाक्याला 'हं' हवा होता. दुसऱ्या रात्री शेजारचे म्हातारबा हुंकार द्यायला बसले. तीच गोष्ट दीड तास चालली.

हे घर तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीत. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली. आजांचं गाव त्यातलंच, अक्राणीत, नर्मदेच्या काठावरचं. तिथे या टेकडीवर एक घर, पलीकडच्या टेकडीवर दुसरं. इथे नंबर घातलेले प्लॉट, एका रांगेत.

फाईल ऐकायला बसलो तेव्हा दुसरी चूक कळली. 'तिथून ते तिकडे गेले', 'मग असे वर चढले', सगळं असंच. समोर असताना अडत नव्हतं, कारण आजांचा हात उठत होता. तो हात रेकॉर्डरमध्ये कसा येणार? पुढच्या वेळी नीट पाहिलं. सुरुवात करण्याआधी आजांनी जरा सरकून बैठक बदलली आणि नदी कुठे ते ठरवून टाकलं: गोठ्याच्या बाजूला. मग रात्रभर गोठ्याकडे हात गेला की नदी, आणि शेजाऱ्याच्या पत्र्याकडे गेला की डोंगर. तेव्हापासून मी वही ठेवतो. फाईलचा मिनिट, हाताची दिशा, जागेचं आजांच्या पावरी बोलीतलं नाव.

उतरवून घ्यायचं काम नातवाकडे. तो शाळेत मराठी शिकलेला, त्यामुळे लिहिताना आजांचं पावरी क्रियापद नकळत मराठी होऊन जातं. खोडरबर आम्ही दोघांनी वापरून संपवलं.

धरणाविरुद्धच्या आंदोलनातले केशव आणि केवलसिंग वसावे यांच्या मुलाखतींतून नंदिनी ओझा यांनी 'लढा नर्मदेचा' हे पुस्तक केलं. मोलाचं काम आहे. पण आंदोलनातला माणूस पाहुण्यापुढे बोलायला सरावलेला असतो. गोष्ट सांगणारा आपल्याच माणसाच्या हुंकारावर बोलतो.

2019 साली धरण पहिल्यांदा पूर्ण, 138.68 मीटरपर्यंत, भरलं. वहीतल्या कितीतरी जागा आता पाण्याखाली आहेत.

तुम्हीही कुणा आजाकडे रेकॉर्डर घेऊन जाणार असाल, तर हुंकार देणारा आधी शोधा. आणि बटण दाबण्यापूर्वी विचारा, नदी कुठल्या बाजूला धरायची.