हिरव्या डोंगरातील पायवाटा आणि पाण्याची पाळी

(द्वितीय वर्ष, कला)

अरबस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळू, उंट आणि तेलाच्या विहिरी उभ्या राहतात. माझ्याही राहत असत. परंतु त्याच अरबस्तानात एक असा डोंगर आहे, की जेथे चैत्र-वैशाखात गुलाब फुलतात आणि भाद्रपद-आश्विनात डाळिंबे तोडली जातात, असे मला कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. गेल्या वर्षी प्रथम वर्षाची परीक्षा आटोपल्यावर तो डोंगर पाहण्याचा योग आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे वडील ओमान देशात निझवा या शहराजवळ पाण्याचा टँकर चालवतात. आमचे गाव खटाव तालुक्यातले. २०१२-१३ च्या दुष्काळात सामाईक विहीर आटली, भाऊबंदांत पाण्याच्या पाळीवरून तंटा झाला आणि पुढच्याच वर्षी अण्णा परदेशी गेले. गावात टँकरची वाट पाहणारा माणूस परमुलखात टँकरचा ड्रायव्हर झाला! इतक्या वर्षांत त्यांची भेट दोन वर्षांतून एकदा. या खेपेस त्यांनी साठवलेल्या पैशांतून मलाच तिकडे बोलावून घेतले. खोलीत सहा जण, त्यात मी सातवा. अण्णांना सुट्टी फक्त शुक्रवारी. त्या दोन शुक्रवारांत जे पाहिले त्याचीच ही हकीकत.

ओमानच्या उत्तर भागात समुद्रकिनाऱ्याला समांतर अशी हजर नावाची पर्वतरांग आहे. तिच्या मध्यभागी असलेल्या भागाला 'जबल अखदर' म्हणजे 'हिरवा डोंगर' म्हणतात. रांगेतील सर्वोच्च शिखर 'जबल शम्स' (सूर्याचा डोंगर) सुमारे तीन हजार मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. हिरव्या डोंगरावर सैक नावाचे पठार सुमारे दोन हजार मीटरवर आहे. खाली निझव्यात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तर वर अंगावर जाड कपडा घ्यावासा वाटतो. पाऊस मात्र फार नाही; वर्षाला सरासरी तीनशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आमच्या दुष्काळी खटावाहूनही कमी! मग हिरवेपण येते कोठून? या एका प्रश्नाने मला त्या डोंगरात गुंतवले.

डोंगराच्या पायथ्याशी 'बिर्कत अल मौज' नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ 'केळ्यांचे तळे'. तेथून वर जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस चौकी असून चारही चाकांना जोर असलेल्या गाडीलाच वर सोडतात. अण्णांच्या एका सोबत्याने तशी गाडी मिळवली आणि आम्ही पहाटेच निघालो.

वर पोहोचल्यावर अल अकर, अल ऐन आणि शिरैजा ही तीन गावे एका प्रचंड दरीच्या काठावर टांगल्यासारखी दिसतात. या गावांना जोडणारी एक पायवाट आहे. दगडांवर पिवळ्या, पांढऱ्या व लाल रंगाच्या पट्ट्या रंगवलेल्या असतात, त्या पाहत चालले की वाट चुकत नाही. वाट कधी घरांच्या भिंतींमधून, कधी शेताच्या बांधावरून, तर कधी पाण्याच्या पाटाला लागून जाते. दरीच्या उतारावर वरपासून खालपर्यंत दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेते केलेली आहेत. एकेक शेत आमच्या ओसरीएवढेच. त्यात गुलाब, डाळिंब, जर्दाळू, अक्रोड आणि अंजीर. या उंचीवर खजुराचे झाड मात्र दिसत नाही. ते पायथ्याच्या गावांत.

चालता चालता माझ्या लक्षात आले, की ही वाट फिरायला येणाऱ्यांसाठी कोणी केलेली नाही. रंगाच्या पट्ट्या अलीकडच्या, वाट जुनी आहे. कोणी पाण्याला गेला, कोणी गाढवावर डाळिंबे लादून खाली बाजारात गेला, कोणी फुटलेला बांध घालायला गेला. त्यांच्या पायांनी ती पडली.

आता पाण्याविषयी. डोंगरातील झऱ्याचे किंवा जमिनीखालचे पाणी केवळ उताराच्या जोरावर पाटाने गावात आणण्याच्या पद्धतीला 'फलज' म्हणतात. फलजाचे प्रकार तीन. खोल जमिनीखालून बोगद्याने येणारा तो दाऊदी, ओढ्याच्या पात्रातून घेतलेला तो घैली आणि झऱ्यातून निघणारा तो ऐनी. ओमानमध्ये असे सुमारे तीन हजार फलज आजही वाहते आहेत. त्यांपैकी पाच फलज २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. बिर्कत अल मौजमधील अल खतमैन आणि निझव्यातील दारिस हे त्यांतीलच होत.

फलजाचे खरे रहस्य बांधकामापेक्षा वाटणीत आहे. पाणी गावात शिरते त्या ठिकाणी प्रथम पिण्याचे पाणी घ्यायचे. मग मशिदीतील हातपाय धुण्याचे, मग अंघोळीचे आणि सर्वांत शेवटी शेताचे. शेताचे पाणी वेळेवर मोजतात. सुमारे अर्ध्या तासाच्या वाट्याला 'अथर' असे नाव आहे. पूर्वी दिवसा उभ्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून पाळी ठरे. आता बहुतेक ठिकाणी मनगटावरचे घड्याळ आले. पाण्याचे काही वाटे लिलावाने देतात आणि त्या पैशांतून पाटाची दुरुस्ती करतात. देखरेख करणाऱ्याला 'वकील' म्हणतात. हे ऐकून मला हसू आले. आमच्या विहिरीचा तंटाही वकिलापर्यंत गेला होता, पण तो वकील निराळा!

पाणी कमी झाले तर काय करतात, तेही सांगण्यासारखे आहे. फळझाडे वाढायला वर्षे लागतात, म्हणून आधी झाडे जगवायची. हंगामी पिकांचे रान त्या वर्षी पडीक ठेवायचे. कोणाचे वाळवायचे आणि कोणाचे जगवायचे हे ज्याच्या हातात पाणी त्याने ठरवायचे नाही, ते आधीच ठरलेले असते. अण्णा पाटाच्या काठी उकिडवे बसून बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "बघ, हितं पाण्याला घड्याळ हाय. आपल्याकडं नुसतं तोंड हाय."

गुलाबाचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत चालतो. ऊन चढले की फुलांचा वास उडतो, म्हणून भल्या सकाळीच ती खुडतात. आम्हांला एका शेतात थोडा वेळ खुडू दिले. काटे बारीक असले तरी बोटे रक्ताळतातच. मग फुले मातीच्या भट्टीवर चढतात. भांड्यात पाकळ्या, आत पाणी झेलायला एक लहान भांडे, आणि वर झाकण म्हणून थंड पाण्याने भरलेले तांब्याचे भांडे. खाली जाळ लागला की वाफ वरच्या थंड बुडाला लागते, तिचे थेंब होतात आणि आतल्या भांड्यात टपकतात. हे गुलाबपाणी मडक्यांत काही आठवडे निवत ठेवतात. त्याला धुराचा वास असतो व रंगही थोडा तांबूस असतो. हलव्यात, कॉफीत आणि पाहुण्यांच्या स्वागताला ते वापरतात. उन्हाळ्याच्या तोंडावर जर्दाळू आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत डाळिंब, असा पुढचा क्रम.

परंतु आम्हांला फुले खुडायला शिकवणारा गडी त्या गावचा नव्हता, बांगलादेशचा होता. शेताचे मालक म्हातारे. त्यांची मुले शिकून मस्कतला नोकरीला लागलेली. तो गडी मोडक्या हिंदीत म्हणाला, "माझ्या गावी माझेही शेत आहे." अण्णा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या शुक्रवारी आम्ही जबल शम्सच्या बाजूला गेलो. तेथे खितैम या वस्तीपासून कड्याच्या पोटातून एक वाट जाते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सुमारे हजार मीटर खोल दरी. वाटेच्या शेवटी कड्याच्या कपारीखाली एक ओस गाव आहे. घरे तशीच उभी आहेत. पायऱ्यांची शेते आहेत, पण कोरडी. गवत वाळलेले, काही बांध ढासळलेले. हौसेने येणारे पर्यटक तेथे बसून डबा खातात, छायाचित्रे घेतात आणि परततात. वाट अजून जिवंत आहे, पण ज्या कामासाठी ती पडली ते काम संपले आहे. हिरव्या डोंगरावरही अलीकडच्या दशकांत पाऊस कमी झाला व हिवाळा पूर्वीइतका कडक राहिला नाही, असे तेथे अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे आहे. पुरेशी थंडी न मिळाल्यास जर्दाळूसारखी झाडे नीट फळत नाहीत. पाणी उणे, थंडी उणी आणि माणसेही उणी, मग बांध कोण घालणार?

कोणास तिकडे जाण्याचा योग आलाच तर ऑक्टोबर ते एप्रिल हा चालण्याचा काळ. पाणी भरपूर घ्यावे. ढग दिसले तर ओढ्याच्या पात्रात उतरू नये, कारण लोंढा अचानक येतो. आणि पाटाच्या काठावर पाय देऊ नये. तो कोणाच्या तरी अर्ध्या तासाचा काठ असतो.

परतीच्या आदल्या रात्री अण्णांनी विचारले, "तू शिकलास. आता काय तू रानात येणार न्हाईस. मग ते इकून टाकू का?" आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्या पायरीसाठीच अण्णा एवढी वर्षे तिकडे राहिले, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे पटकन उत्तर सुचले नाही. शेवटी म्हणालो, "अण्णा, या वर्षी नको."

गावी आल्यावर मी एक वही घेतली आणि विहिरीच्या पाळ्या वार-वेळेसह लिहून काढल्या. चुलत्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "हा बुधवार आमचा हाय." तो त्यांचाच होता, मीच चुकलो होतो. मी खोडून दुरुस्त केले. गेल्या दहा वर्षांत दोन्ही घरांत पाण्यावरून झालेले, भांडण नसलेले हे पहिलेच बोलणे.